वाइनच्या पिंपात मुरलेल्या बेल्जियन एलची चव कशी घ्यावी

रानटी यीस्ट घालून वाइनच्या पिंपात मुरवलेली बेल्जियन धाटणीची एल, म्हणजे बिअरचाच एक प्रकार, पहिल्यांदा पिणारा माणूस पहिल्या घोटानंतर बहुधा बाटलीवरची तारीख शोधू लागतो. त्याचे फारसे चुकत नाही. बिअरकडून आपण ज्या गोष्टींची अपेक्षा ठेवतो त्यांपैकी कडवटपणा इथे नावापुरता असतो, गोडवा औषधालाही सापडत नाही, आणि जो वास येतो तो स्वयंपाकघरात आला असता तर आपण भांडे मोरीत ओतून दिले असते. तरीही ही बिअर नासलेली नसते, मुरलेली असते. आणि नासणे व मुरणे यांतला फरक ज्या घरात लोणच्याची बरणी सांभाळली जाते तिथे मुळापासून समजावून सांगावा लागत नाही. तो फरक ग्लासात कसा ओळखायचा, एवढाच या लेखाचा विषय आहे. वाचकाने कायद्याने ठरवलेले वय ओलांडले आहे आणि परवाना त्याच्या हाताशी आहे, असे गृहीत धरले आहे.

बाटली उघडण्यापूर्वी तिच्यात काय घडून गेले आहे ते थोडक्यात माहीत असावे, कारण पुढे नाकाला जे जाणवते त्याचा उगम तिथेच आहे. एल आधी नेहमीप्रमाणे सॅकरोमायसिस यीस्टने आंबवली जाते. बेल्जियन बिअरसाठी वापरल्या जाणाऱ्या यीस्टच्या अनेक वाणांची खोड अशी, की माल्टमधल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या, फेरुलिक आम्लापासून ते लवंगेसारख्या वासाचा एक फिनॉल तयार करतात; जोडीला पिकलेल्या केळ्याची आणि फळांची आठवण देणारे एस्टरही असतात. मग ही एल ओकच्या लाकडी पिंपात भरतात. त्या पिंपात आधी वाइन राहून गेलेली असते. तिथे ब्रेटानोमायसिस नावाचे दुसरे, म्हणजे सुरुवातीला म्हटलेले रानटी, यीस्ट कामाला लागते. हे नाव १९०४ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील क्लाउसेन या शास्त्रज्ञाने दिले. दीर्घकाळ साठवलेल्या इंग्लिश बिअरला जी खास चव येते तिचे कारण शोधताना त्याला हे यीस्ट सापडले, म्हणून नावाचा अर्थ ‘ब्रिटिश बुरशी’ असा होतो. त्याच्या सर्वांत परिचित जातीला मात्र ब्रसेल्सवरून ब्रुक्सेलेन्सिस म्हणतात.

पहिल्या यीस्टला जी गुंतागुंतीची साखर खाता येत नाही ती हे दुसरे यीस्ट महिनोन्‌महिने हळूहळू खात राहते आणि बिअर कोरडी होत जाते. त्याहून महत्त्वाचे काम दुसरेच आहे. आधीच्या यीस्टने मागे ठेवलेल्या फिनॉलांचे ते वेगळ्या फिनॉलांत रूपांतर करते, आणि त्यांचा वास धूर, कातडे व गोठा यांच्याकडे झुकतो. म्हणजे लवंग आणि गोठा ही इथे एकाच घराण्यातली माणसे आहेत. वाइन करणाऱ्यांच्या लेखी हेच यीस्ट म्हणजे घरात शिरलेला चोर. नाशिक असो वा फ्रान्समधले बोर्डो, त्याने पिंपात ठाण मांडले की वाइन बिघडली असे मानतात. त्यांच्याकडून आलेल्या पिंपात बिअरवाले त्याच चोराला आमंत्रण देऊन बसवतात, याची मला नेहमी गंमत वाटते.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. रानटी यीस्ट म्हणजे आंबट बिअर, असे समीकरण नाही. बेल्जियममधल्या ऑर्व्हालच्या मठात तयार होणाऱ्या बिअरमध्ये बाटलीत भरताना ब्रेटानोमायसिस घालतात, आणि ती बिअर आंबट नसते. आंबटपणा प्रामुख्याने लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस या जिवाणूंकडून येतो, म्हणजे दह्याच्या विरजणाच्या नात्यातल्या मंडळींकडून. पिंपात हवा जास्त गेली तर ब्रेटानोमायसिस आणि काही जिवाणू व्हिनेगरचे आम्लही करतात. तो आंबटपणा वेगळा आणि तो ओळखता येणे फार उपयोगाचे आहे. लाकडाच्या फळ्यांतून थोडी हवा आत जातेच, त्यामुळे दोन पिंपांतली बिअर कधी अगदी सारखी होत नाही आणि बनवणारे बहुतेक वेळा अनेक पिंपे चाखून त्यांचे मिश्रण करतात.

आता बाटलीविषयी. प्रवासातून आलेली बाटली त्याच दिवशी उघडू नये. तिच्या तळाशी यीस्टचा साका असतो, तो हादऱ्यांनी वर येतो आणि चव गढूळ करतो. बाटली चार-पाच दिवस उभी ठेवली की तो खाली बसतो. पुण्यात खरी अडचण उन्हाळ्याची आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, फ्लॅटच्या माळ्यावर तर त्याहून जास्त तापते, आणि मीच एकदा अशी बाटली ‘अंधार आहे, बरे राहील’ म्हणून माळ्यावर ठेवली होती. मे महिन्यात ती उतरवून केवळ तासभर फ्रिजमध्ये ठेवली आणि उघडली. बुचाची तार सोडताच बूच छताला लागले, पाठोपाठ फेसाचा लोट आला आणि निम्मी बिअर टेबलावरून फरशीवर गेली. उरलेल्या निम्म्यात सगळा साका मिसळलेला होता. तेव्हापासून माझा नियम असा आहे, की वाइन ठेवण्याचा खास फ्रिज घरात नसेल तर पुण्यात ही बिअर वर्षानुवर्षे साठवण्याचा हव्यास धरू नये. आणली की साध्या फ्रिजच्या तळच्या कप्प्यात उभी ठेवावी आणि काही आठवड्यांत प्यावी. फ्रिजच्या दारात ठेवू नये, कारण दर उघडझापीला ती हलते.

ज्यांनी आधी कधी बेल्जियन धाटणीची ताजी बिअर प्यायलेली नाही, त्यांनी आदल्या आठवड्यात शहरातल्या एखाद्या मायक्रोब्रुअरीत जाऊन गव्हाची ताजी बिअर घ्यावी. पुण्याला ही सोय २००९ पासून आहे. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक, डूलाली, याच शहरात सुरू झाली. गव्हाच्या बिअरमधली लवंग आणि केळे नाकाने एकदा ओळखले की पिंपातल्या एलमध्ये त्यांचे काय झाले हे शोधण्याला अर्थ येतो. मूळ राग ऐकल्याशिवाय त्यातला बदल कळत नाही, तसेच हे आहे.

चव घेण्यासाठी संध्याकाळ निवडण्यापेक्षा दुपारी अकरा-बाराची, जेवणापूर्वीची वेळ मला अधिक योग्य वाटते, कारण तेव्हा नाक आणि जीभ ताजी असतात. सुट्टीचा दिवस असावा आणि त्यानंतर कोणाला गाडी चालवायची नसावी. ही एल बहुतेकदा सहा ते आठ टक्के मद्यार्काची असते आणि कोरडेपणामुळे ते जाणवत नाही. त्या सकाळी मिसळ खाऊ नये, हे पुण्यात सांगणे जिवावर येते, पण तर्रीने भाजलेल्या जिभेला या बिअरमध्ये केवळ आंबट पाणी सापडेल. सुपारी आणि पान अर्थातच वर्ज्य. खोलीत उदबत्ती नको, मोगऱ्याचा गजरा नको, आणि ग्लासात ओतल्यावर डोक्यावरचा पंखा बंद करावा. जो वास टिपण्यासाठी आपण बसलो आहोत तो पंख्याने भिंतीकडे जातो.

ग्लास पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता असावा. ट्यूलिपच्या आकाराचा बिअरचा ग्लास असला तर उत्तम, नाही तर वाइनचा साधा ग्लास पुरेसा आहे. उंच सरळ ग्लास आणि स्टीलचा पेला दोन्ही इथे निरुपयोगी. ग्लास आदल्या दिवशी धुवून उपडा वाळत ठेवावा. भांड्यांच्या साबणाचा लिंबाचा वास आणि स्वयंपाकघरातल्या फडक्याचा फोडणीचा वास काचेला चिकटून राहतो, आणि मग ‘बिअरला लिंबाचा वास आहे’ अशी नोंद वहीत होते. रिकाम्या ग्लासाचा वास घेऊन पाहावा. काहीच येत नसेल तर ग्लास तयार आहे.

ही एल दहा ते तेरा अंश सेल्सिअसच्या आसपास बोलू लागते. फ्रिजमधून काढल्याबरोबर तिला फक्त थंडपणा आणि आंबटपणा असतो. म्हणून डिसेंबरात अर्धा तास आधी आणि एप्रिलमध्ये दहा-पंधरा मिनिटे आधी बाटली बाहेर काढावी. बुचावर अंगठा दाबून ठेवून तार सोडावी, मग बूच घट्ट धरून बाटली फिरवावी; बूच फिरवू नये. आवाज जितका कमी तितके काम नीट झाले. ७५० मिलिलिटरची बाटली सहा जणांना पुरते, कारण प्रत्येकाला शंभर-सव्वाशे मिलिलिटरहून जास्त लागत नाही. सगळे ग्लास शेजारीशेजारी मांडून बाटली एकदा तिरकी केली की सरळ न करता एका ओघात भरत जावे, नाही तर प्रत्येक हेलकाव्याला साका वर येतो. तळाची दोन-तीन घोट बिअर बाटलीतच ठेवावी. तिचे काम शेवटी आहे.

डोळ्यांनी पाहण्यासारखे इथे थोडेच असते. रंग सोनेरीपासून तांबूसपर्यंत काहीही असू शकतो, आणि लाल वाइनचे पिंप असेल तर कधी जांभळट छटाही उतरते. किंचित धूसरपणा दोष नाही. फेस पटकन बसला तरी ग्लासाला दोष देऊ नये. आम्लामुळे या बिअरचा फेस फार टिकत नाही.

खरे काम नाकाचे आहे. ग्लास न हलवता, नाक काठाच्या वर दोन बोटे ठेवून पहिला वास घ्यावा आणि जे पहिले सुचेल ते लिहावे. मग ग्लास मनगटाने दोन-तीनदा फिरवून पुन्हा घ्यावा. हवेशी मिसळलेला दुसरा वास पहिल्यापेक्षा वेगळा असतो. तिसऱ्या वासाआधी अर्धा मिनिट थांबावे आणि स्वतःच्या मनगटाचा वास घ्यावा, म्हणजे नाक पूर्ववत होते. इथे लोक अडखळतात ते नाकामुळे नव्हे, शब्दांमुळे. परदेशी पुस्तकी वर्णनांत या यीस्टच्या वासाला ‘घोड्याची झूल’ असे ठरावीक नाव आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी घोड्याच्या झुलीला कधी नाक लावलेले नाही, आणि तरीही चारचौघांत ‘हो, झूल आहे खरी’ अशी मान डोलावली जाते.

माझी आत्या मद्याला शिवत नाही. एरंडवण्यातल्या आमच्या घरी अशीच एक बाटली उघडली असताना ती शेजारी भाजी निवडत बसली होती. मी ग्लास पुढे करून म्हणालो, “आत्या, पिऊ नकोस, नुसता वास घेऊन सांग.” तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली, पदराला हात पुसले, एकदाच वास घेतला आणि म्हणाली, “अरे, ही तर भिजलेली घोंगडी. वाळत घालायची राहून गेलेली. आणि तिच्याखाली कुणी अननस कापून ठेवलाय का?” आम्हा चौघांच्या वहीतल्या पानभर नोंदींपेक्षा ते एक वाक्य जास्त नेमके होते. ओल्या लोकरीचा वास आणि अननस या दोन्ही गोष्टी ब्रेटानोमायसिसच्याच आहेत. एक फिनॉलांकडून येते, दुसरी एस्टरांकडून.

म्हणून परक्या शब्दांची उसनवारी न करता मराठीने वासांसाठी जी शब्दसंपत्ती जमवून ठेवली आहे तीच वापरावी. आंबूस, कुबट, मातकट, हिरवट, करपट, खवट, उग्र, खमंग हे शब्द केवळ चांगले-वाईट सांगत नाहीत, ते वासाची जात सांगतात. पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीचा कुबटपणा, पहिल्या पावसानंतरचा मातकटपणा, नव्या कोल्हापुरी चपलेच्या कातड्याचा वास, गोणपाट, पाड लागलेला आंबा, पेरूच्या फोडी, सारवलेला गोठा, वाळलेले गवत: यांतले जे खरोखर जाणवेल तेच लिहावे. लाकडाकडून येणारे वास यांहून वेगळे काढता येतात. ओकमधून व्हॅनिलाचा आणि खोबऱ्याचा वास उतरतो, आणि पिंप आतून भाजलेले असल्याने भाजक्या पोह्यांसारखी खमंग छटाही कधी मिळते. अनेकदा वापरून झालेल्या जुन्या पिंपात यांतले फारसे उरलेले नसते. तिथे पिंपाचे काम फक्त हवा मोजून-मापून आत सोडण्याचे असते.

मग पहिला घोट. तो लहान घ्यावा, तोंडभर फिरवावा आणि त्यावर काहीही मत देऊ नये. पहिल्या घोटाला जीभ आम्लाने दचकते आणि तिला दुसरे काही ऐकू येत नाही. मत दुसऱ्या घोटापासून. लहानपणी पाठ केलेल्या सहा रसांचा इथे उपयोग होतो, कारण आंबट आणि तुरट हे दोन रस आपण जन्मापासून वेगळे ओळखतो. आंबटपणाने तोंडाला पाणी सुटते. तुरटपणाने हिरड्या कोरड्या पडतात आणि गालाच्या आतली कातडी आक्रसते. पहिला आम्लाचा, दुसरा ओकच्या लाकडातल्या आणि वाइनच्या टॅनिनांचा. जांभळे किंवा आवळा खाताना दोन्ही एकत्र कसे येतात हे आठवावे आणि या एलमध्ये त्यांतले कोण पुढे आहे ते पाहावे. लाल वाइनच्या पिंपात मुरलेल्या एलमध्ये तुरटपणा बहुधा अधिक असतो.

आंबटपणाही नीट तपासावा. ताकाचा गोलसर आंबटपणा, जो जिभेवर पसरतो आणि घशाला त्रास देत नाही, तो लॅक्टिक आम्लाचा. नाकात चढणारा आणि घशाशी टोचणारा आंबटपणा व्हिनेगरचा. त्याची चिमूट असली तर चव उठावदार होते, पण ठसका लागत असेल तर पिंपात हवा जास्त गेली आहे असे समजावे. गोडवा शोधत बसू नये. फळांच्या वासामुळे मेंदूला गोड भासते आणि जिभेला मात्र साखर सापडत नाही, हा चकवा या बिअरच्या मोठ्या मौजांपैकी एक आहे.

घोट गिळल्यावर वीस-तीस सेकंद दुसरा घोट न घेता थांबावे. याला एक खास कारण आहे. रानटी यीस्टच्या बिअरमध्ये कधी कधी असा एक दोष असतो जो नाकाला अजिबात कळत नाही. बिअर आम्लधर्मी असताना तो दबून राहतो आणि लाळेने आम्ल सौम्य झाल्यावर, म्हणजे गिळून झाल्यानंतर, घशाच्या मागून उमटतो. परदेशात त्याला उंदराची उपमा देतात. मला तो बंद डब्यात राहिलेल्या शिळ्या पोळीसारखा आणि थोडा उंदराच्या बिळासारखा वाटतो. काही लोकांना तो मुळीच जाणवत नाही, त्यामुळे एकाने नाक मुरडले आणि दुसऱ्याला काहीच वाटले नाही तर भांडू नये. संशय आला तर बिअरचा एक थेंब तळहाताच्या मागच्या बाजूला चोळून, थोडे वाळू देऊन वास घ्यावा. त्वचेवर तो दोष नाकालाही सापडतो. हा दोष असलेली बिअर आरोग्याला घातक नसते, आणि बाटलीत काही महिने राहिल्यावर तो पुष्कळदा ओसरतो.

बाकीचे दोष ओळखायला सोपे आहेत. नखांच्या पॉलिशचा भपका, भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास किंवा जखमेवर लावायच्या पट्टीचा उग्र औषधी वास इतर सगळ्यांना झाकून टाकत असेल तर ती बाटली कमअस्सल. पट्टीचा वास आणि गोठ्याचा वास सख्खे शेजारी आहेत, म्हणून प्रमाण पाहावे: इतर वासांच्या घोळक्यात एक म्हणून असेल तर गुण, एकटाच उभा असेल तर दोष.

यानंतर ग्लास खाली ठेवावा आणि गप्पा माराव्यात. वीस मिनिटांनी पुन्हा वास, पुन्हा एक घोट. चाळीस मिनिटांनी आणखी एकदा. बिअर कोमटपणाकडे सरकू लागली की फळे मागे जातात, लाकूड आणि कातडे पुढे येते, आणि सुरुवातीला नकोसा वाटलेला गोठ्याचा वास बहुतेकांना सवयीचा होतो. तीन वेळच्या नोंदी वेगवेगळ्या लिहाव्यात. ज्यांनी पहिल्या दहा मिनिटांत ग्लास रिकामा केला त्यांना या बिअरचा एक तृतीयांश भागच मिळाला, असे मी बिनदिक्कत म्हणेन.

खाणे तिसऱ्या फेरीनंतर. ब्रसेल्समध्ये लाम्बिक या आंबट बिअरसोबत पावावर ताजे पांढरे चीज लावून वर मुळ्याच्या चकत्या ठेवण्याची जुनी रीत आहे. आपल्याकडे श्रीखंडासाठी टांगलेला चक्का त्या चीजची जागा चोख घेतो. साखर घालण्यापूर्वी वाटीभर चक्का बाजूला काढावा, त्यात मीठ आणि थोडी मिरपूड घालावी, साध्या पावाच्या कापावर पसरावा आणि वर कोवळ्या मुळ्याच्या पातळ चकत्या ठेवाव्यात. चक्क्याचा आंबटपणा बिअरच्या आंबटपणाला गिळून टाकतो आणि मागे राहिलेली फळे एकदम उजळतात. चिवडा, भडंग आणि तळलेली मिरची टाळावी. तिखटाने आम्ल धारदार होते. मीठ न लावलेले भाजके शेंगदाणे चालतात.

शेवटी बाटलीत राखून ठेवलेला साका. बाटली हलकेच फिरवून तो एका वेगळ्या ग्लासात ओतावा आणि ज्याची इच्छा असेल त्याने त्याचा एक घोट घ्यावा. ताज्या पावाचा, कच्च्या कणकेचा आणि किंचित कडसर असा हा भाग काहींना सर्वांत जास्त आवडतो. मला आवडत नाही, पण एकदा तरी चाखल्याशिवाय नको म्हणू नये. पिऊन झालेले ग्लास त्या दिवशी धुवू नयेत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहापूर्वी त्यांतला एक उचलून वास घ्यावा. बिअर उडून गेलेली असते, घोंगडी आणि अननस दोन्ही गेलेले असतात, आणि काचेच्या तळाशी फक्त लाकूड उरलेले असते. ती नोंद वहीत चौथी म्हणून लिहावी आणि मग ग्लास घासायला टाकावेत.